उलबोलसिन म्हणजे काय?

उलबोलसिन हे औषधाचे नाव नाही. ते मुलीचे नाव आहे. नकाशात रशियाच्या खाली आणि चीनच्या डावीकडे कझाकस्तान नावाचा मोठा देश आहे, तिथले. कझाक भाषेत ‘उल’ म्हणजे मुलगा आणि ‘बोलसिन’ म्हणजे होवो. म्हणजे नावाचा अर्थ झाला ‘मुलगा होवो’. आणि ठेवतात मुलीला!

घरात एकामागून एक मुलीच झाल्या की धाकटीचे नाव असे ठेवायचे. मग सगळे तिला हाक मारणार, “मुलगा होवो, इकडे ये”, “मुलगा होवो, पाणी आण.” रोज इतक्या वेळा म्हटले की पुढचा मुलगाच होतो, अशी जुन्या लोकांची समजूत. उलतुआर हे नावही तसलेच, ‘मुलगा जन्मेल’ असे. अशा नावाच्या बायका तिकडे अजून आहेत.

तिकडची सगळीच नावे अशी नसतात हं. आयगुल हे नाव कझाक आणि शेजारच्या किरगीझ मुलींचे असते. आय म्हणजे चंद्र, गुल म्हणजे फूल. हा गुल फारसी भाषेतला. आपल्या गुलाबात तोच बसलाय!

पण उलबोलसिनच्या घरी मुलगाच का हवा? पूर्वी कझाक लोक मेंढ्या, घोडे घेऊन गवताळ रानात फिरत. त्यांच्यात सात पिढ्यांची नावे पाठ करायची रीत आहे. वडील, आजोबा, पणजोबा असे वर वर जायचे. तिला ‘जेती अता’ म्हणतात. त्यात आईचे नाव येत नाही, आजीचेही नाही. मुलगा नसला तर ही माळ तुटते, अशी भीती. (मला तीनच पिढ्या येतात. आजीच्या आजीचे नाव तर आमच्या घरात कुणालाच सांगता आले नाही.)

आपल्याकडे नकुशी असते, म्हणजे नको असलेली. सातारा जिल्हा परिषदेने २०११ साली अशा दोनशेहून जास्त मुलींना नवीन नावे दिली. कुणी कुणी तर आपले नाव स्वतःच निवडले. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या नकुशाआजींना मी विचारले, तुम्ही का नाही बदललं? त्या म्हणाल्या, “आता मला नावानं कोण हाक मारतंय गं? समदी आजीच म्हणत्यात.”

कझाकस्तानात २०२० साली ‘उलबोलसिन’ नावाचा सिनेमाच निघाला. मी पाहिला नाही, गोष्ट गुरुजींनी सांगितली. त्यात उलबोलसिनच्या धाकट्या बहिणीला शिकायचे असते, पण लोक तिला जबरदस्तीने लग्नासाठी पळवून नेतात. मग तिला सोडवायला उलबोलसिनच जाते.

– इयत्ता चौथी