पाळीव टॅरंटुला कोळ्याच्या पेटीतील असामान्य दुर्गंधी : कारणे, निदान व उपाय

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यातील बेलापूर हे प्रवरा नदीकाठी वसलेले गाव होय. सन 1926 मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी कालव्यांतून या खोऱ्यात आले आणि येथील काळ्या जमिनीत ऊस उभा राहिला. अशा कृषिप्रधान परिसरात पाळीव प्राणी म्हटले की गाय, बैल, शेळी, कुत्रा आणि मांजर हीच नावे डोळ्यांसमोर येतात. तथापि गेल्या काही वर्षांत मोठ्या केसाळ कोळ्यांना, म्हणजेच टॅरंटुलांना, काचेच्या पेटीत पाळण्याचा छंद भारतातही येऊन पोहोचला आहे. जुलै 2021 मध्ये चेन्नई येथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून टपालाने आलेल्या एका पार्सलमधून 107 जिवंत कोळी जप्त केले होते. या छंदाची व्याप्ती त्यावरून लक्षात यावी.

कोळी पाळणाऱ्या व्यक्तीस भेडसावणारा एक प्रश्न म्हणजे पेटीतून अचानक येऊ लागलेला वास. हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु त्याचा चुकीचा अर्थ लावल्यास जिवंत कोळी मृत समजून फेकला जाण्याची अथवा वास घालविण्याच्या नादात त्याचा जीव जाण्याची शक्यता असते. प्रस्तुत लेखात या वासाची कारणे, त्यांचे निदान व उपाय यांचा क्रमाने विचार केला आहे.

टॅरंटुला : संक्षिप्त परिचय

‘टॅरंटुला’ हे नाव इटलीतील तारांतो या शहरावरून पडले. मुळात ते तेथील लांडगा कोळ्याच्या एका जातीस दिले गेले होते. पुढे ते थेराफोसिडी या कुलातील मोठ्या, केसाळ कोळ्यांना रूढ झाले. या कुलात जगभर हजाराहून अधिक जातींची नोंद आहे. भारतातील अनेक जातींचे शास्त्रीय वर्णन आर. आय. पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने केले. सह्याद्रीच्या वनांत आढळणारा पोसिलोथेरिया रीगॅलिस आणि आंध्र प्रदेशातील गुत्ती येथे प्रथम सापडलेला निळ्या रंगाचा पोसिलोथेरिया मेटॅलिका या दोन्हींचे वर्णन त्याने सन 1899 मध्ये प्रसिद्ध केले.

या कोळ्यांच्या शरीररचनेतील तीन बाबी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली बाब श्वसनाची. कोळ्याच्या पोटाच्या खालील बाजूस पुस्तकाच्या पानांसारख्या रचनेची फुप्फुसे असतात. टॅरंटुलात त्यांच्या दोन जोड्या असून पेटीतील हवा थेट त्यांत जाते. दुसरी बाब पचनाची. कोळी भक्ष्यावर पाचकरस सोडून त्याचा द्रवरूप भाग शोषून घेतो व उरलेला कवचाचा चोथा गोळ्याच्या रूपात टाकून देतो. तिसरी बाब उत्सर्जनाची. कोळ्याच्या विष्ठेत प्रामुख्याने ग्वानिन हा पाण्यात जवळजवळ न विरघळणारा पदार्थ असतो. त्यामुळे ती पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपात वाळून जाते व तिला फारसा वास येत नाही.

यावरून असे दिसून येते की, निरोगी टॅरंटुला हा जवळजवळ गंधहीन प्राणी आहे. कुत्रा किंवा मांजर यांच्या अंगास असतो तसा ‘अंगचा वास’ येथे संभवत नाही. म्हणून पेटीतून वास येऊ लागल्यास त्याचे कारण शोधणे आवश्यक ठरते.

वासाचे प्रकार व त्यांची कारणे

1. मातकट वास : पहिल्या पावसानंतर जमिनीतून येणारा वास सर्वांच्या परिचयाचा आहे. मातीतील सूक्ष्मजीव तयार करीत असलेल्या जिओस्मिन या द्रव्यामुळे तो येतो. पेटीतील भुसभुशीत मातीस असा सौम्य वास येत असेल तर काळजीचे कारण नाही.

2. कुबट वास : हा वास बुरशीचा असतो. माती सतत ओली राहणे व हवा खेळती नसणे ही त्याची कारणे होत. पावसाळ्यात बंद खोलीतील पेटीत ही स्थिती लवकर निर्माण होते.

3. सडक्या अंड्यासारखा वास : माती पाण्याने भरून गेली की तिच्या खालच्या थरात प्राणवायू पोहोचत नाही. अशा ठिकाणी प्राणवायूविना जगणारे जिवाणू वाढतात व हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. बेलापूर परिसरातील छंदप्रेमींच्या दृष्टीने हा मुद्दा विशेष लक्षणीय आहे. येथील काळी माती चिकण असून ती पाणी धरून ठेवते, ओली असता फुगते व वाळली की भेगाळते. उसाला मानवणारा हा गुण कोळ्याच्या पेटीत मात्र दोष ठरतो. शिवाय शेतातील मातीत कीटकनाशकांचे अंश असण्याचा संभव असतो. म्हणून शेतातील माती पेटीत वापरू नये. खत न मिसळलेला नारळाच्या काथ्याचा भुसा हा त्याहून सुरक्षित पर्याय होय.

4. कुजका अथवा अमोनियासारखा वास : कोळ्याची विष्ठा कोरडी असल्याने हा वास सहसा तिच्यामुळे येत नाही. न खाल्लेला नाकतोडा किंवा झुरळ मातीत मरून पडणे, अथवा चोथ्याचा गोळा पाण्याच्या वाटीत पडणे, हे त्याचे नेहमीचे कारण असते. मृत कीटकातील प्रथिनांचे विघटन होऊन अमोनिया, प्युट्रेसीन व कॅडाव्हेरीन यांसारखी दुर्गंधियुक्त द्रव्ये तयार होतात.

5. कोळ्याच्या तोंडाजवळून येणारा वास : हे सर्वांत गंभीर लक्षण आहे. टॅरंटुलांच्या तोंडाभोवती सूक्ष्म सूत्रकृमींचा प्रादुर्भाव होतो. तोंडाशी पांढरट, चिकट थर दिसणे, अन्न नाकारणे, हालचाल मंदावणे ही त्याची लक्षणे होत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी सन 2022 मध्ये अशा एका सूत्रकृमीचे नवीन जाती म्हणून वर्णन केले. ‘अ‍ॅरॅक्नोफोबिया’ या सन 1990 च्या चित्रपटातील अभिनेते जेफ डॅनियल्स यांच्यावरून त्यास टॅरंटोबेलस जेफडॅनियल्सी असे नाव देण्यात आले. बाधित कोळ्याचे विषदंतांवरील नियंत्रण सुटते व अखेरीस तो उपासमारीने मरतो. यावर खात्रीशीर उपचार उपलब्ध नसल्याने बाधित कोळी तत्काळ वेगळा ठेवणे आणि त्याची चिमटे, वाटी इत्यादी साधने इतर पेट्यांत न वापरणे हाच व्यवहार्य मार्ग ठरतो.

मृत्यू की कात?

टॅरंटुला कात टाकताना बहुधा पाठीवर उताणा पडतो व काही तास तसाच राहतो. नवख्या व्यक्तीस तो मेला असे वाटते. याउलट मृत कोळ्याचे पाय शरीराखाली मुठीसारखे आवळलेले दिसतात. कारण कोळ्याचे पाय शरीरद्रवाच्या दाबाने लांब होतात व तो दाब संपला की ते आत वळतात. तथापि पाण्याच्या तीव्र कमतरतेमुळेही पाय असेच आवळले जातात. म्हणून केवळ पायांवरून निष्कर्ष काढू नये. अशा कोळ्यास प्रथम पाण्याच्या वाटीजवळ ठेवून वाट पाहावी.

येथे वासाचे ज्ञान उपयोगी पडते. कात टाकणाऱ्या कोळ्यास दुर्गंधी येत नाही. मृत कोळी मात्र लवकरच कुजू लागतो व त्याचा वास स्पष्टपणे जाणवतो. उताणा कोळी गंधहीन असेल तर त्यास हात न लावणे हेच श्रेयस्कर. त्या वेळी पेटीत जिवंत भक्ष्य असल्यास ते अलगद काढून घ्यावे. कारण नव्या कातडीच्या मऊ कोळ्यास नाकतोडाही कुरतडू शकतो.

निदान व उपाय यांचा क्रम

प्रथम कोळ्याची स्थिती व तोंडाचा भाग बाहेरूनच न्याहाळावा. त्यानंतर पाण्याची वाटी, मग कोपरे व बिळाचे तोंड, आणि शेवटी काडीने मातीचा खालचा थर तपासावा. मेलेला कीटक सापडल्यास तो लांब चिमट्याने भोवतालच्या मातीसह काढावा. केवळ वरचा थर बुरशीला असल्यास तेवढाच भाग बदलून माती कोरडी होऊ द्यावी. खालचा थर सडला असल्यास मात्र कोळ्यास हवेशीर डब्यात हलवून संपूर्ण माती बदलावी. पेटी गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी.

कोळ्यास हाताने उचलू नये. अमेरिका खंडांतील अनेक जाती दाहक केस उडवितात. भारतीय जातींत असे केस नसतात. परंतु त्या चपळ असून पोसिलोथेरियाच्या दंशाने तीव्र वेदना व स्नायूंचे पेटके येतात. म्हणून पारदर्शक डबा व पुठ्ठा यांचा वापर करावा.

वास आला की घरात उदबत्ती किंवा धूप लावला जातो, फिनेल शिंपडले जाते अथवा पेटीजवळ डांबरगोळ्या ठेवल्या जातात. कारण तसेच राहून केवळ वास झाकला जात असल्याने हे उपाय निरुपयोगी आहेत आणि कोळ्याच्या फुप्फुसांत थेट हवा जात असल्याने ते धोकादायकही आहेत. डास मारण्याच्या अनेक अगरबत्त्या व फवाऱ्यांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये तर संधिपाद प्राण्यांना मारण्यासाठीच बनविलेली असतात. त्यांस डास आणि कोळी यांतील भेद कळत नाही. पेटीच्या खोलीत त्यांचा वापर टाळावा. खाद्य म्हणून फवारणी झालेल्या शेतातील नाकतोडे देणेही याच कारणास्तव टाळावे.

प्रतिबंधासाठी न खाल्लेले भक्ष्य चोवीस तासांच्या आत काढणे, वाटीतील पाणी वरचेवर बदलणे आणि पेटीच्या दोन बाजूंना हवेची छिद्रे ठेवणे एवढी शिस्त बहुधा पुरेशी ठरते.

कायदेशीर बाजू

पोसिलोथेरिया प्रजातीचा समावेश सन 2019 मध्ये साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मधील सन 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून अमलात आली असून, तिच्या चौथ्या अनुसूचीतील जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांनी त्यांची नोंदणी करण्यासाठी सन 2024 मध्ये स्वतंत्र नियम करण्यात आले आहेत. प्रवरेच्या उगमाकडील कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रातून कोणताही वन्यप्राणी पकडून आणणे हा गुन्हा आहे. कोळी पाळण्यापूर्वी वनविभागाकडे चौकशी करणे इष्ट होय.

समारोप

टॅरंटुलास आपली व्यथा शब्दांत सांगता येत नाही. अशा स्थितीत पेटीतून येणारा वास ही पाळणाऱ्यास मिळालेली पूर्वसूचनाच असते. बहुतांश प्रसंगी तिचे कारण कोळी नसून मातीतील ओल अथवा उरलेले अन्न असते व ते सहज दूर करता येते. काही थोड्या प्रसंगी मात्र ती रोगाची किंवा मृत्यूची सूचना असते. म्हणून वास झाकण्यापूर्वी त्याचे मूळ शोधणे हाच या प्रश्नाचा शास्त्रीय आणि भूतदयेचाही मार्ग होय.