देवासची टेकडी आणि आपला काळा दगड

कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत झाला. १९४८ मध्ये ते माळव्यात देवासला गेले आणि पुढे तिथल्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांनी कायमचे घर केले. गेल्या उन्हाळ्यात देवासला मावशीकडे गेलो असता मीही ती टेकडी चढलो. वाटेतला काळा दगड पाहून वाटले, हा तर आपल्या बेळगावकडचाच! वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असूनही मग कुतूहल स्वस्थ बसू देईना.

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हारस वाहिला. एकदा नव्हे, अनेकदा. थरावर थर साचून थंड झाले. हाच बेसाल्ट. माळव्यापासून बेळगावपर्यंत तो पसरला आहे. कठीण थर टिकले, मऊ झिजले. म्हणून हे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि सपाट माथ्याचे दिसतात.

धार जिल्ह्यात या थरांखालचे जग उघडे पडले आहे. बाघची लेणी लाव्ह्याच्या आधीच्या वालुकाश्मात कोरलेली आहेत. याच जिल्ह्यात डायनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचे संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केले.

परंतु माणसाला या दगडाची खरी ओळख पटते ती पाण्यामुळे. घट्ट बेसाल्टमध्ये पाणी मुरत नाही. ते वरच्या मुरमात आणि फटींतच साठते. आमच्या भाषेत सांगायचे तर हे खाते लहान. पाऊस जमा करतो, विहिरी खर्च करतात. कूपनलिका वाढल्या आणि खर्च जमेच्या पुढे गेला. १९९० साली देवास शहराला चक्क रेल्वेने पाणी आणावे लागले. मावशी त्या दिवसांविषयी बोलू लागली की भांडी विसळलेले पाणीही फेकवत नाही.

पुढे २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतांत तळी खोदली. बेसाल्ट झिजूनच झालेली काळी माती ओली होताच फुगते आणि पाणी सहसा झिरपू देत नाही. त्यामुळे पावसाळ्यातले पाणी रब्बीच्या गहू-हरभऱ्याला उरते, आणि कूपनलिकेवरचा भार हलका होतो. ज्या दगडाने पाणी नाकारले, त्याच्याच मातीने ते धरून ठेवले!

मित्रहो, आपणही त्याच दगडावर राहतो. घरची कूपनलिका आणखी खोल नेण्यापूर्वी आपल्या खात्यात जमा किती, हे एकदा पाहायला नको का?