बंद पेटीतले हवामान : खुले सॉफ्टवेअर आणि कंटेनर

‘कंटेनर’ हा शब्द नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदारांना नवा नाही. पूर्वशीतकरण केलेली द्राक्षे शीत-कंटेनरमध्ये भरून दार मोहोरबंद केले, की पुढे ट्रेलर असो वा जहाज, आतील तापमान ठरल्याप्रमाणे राखले जाते. वाहन बदलते, माल आणि त्याभोवतीचे हवामान तेच राहते. १९५६ मध्ये अमेरिकेतील माल्कम मॅक्लीन यांनी ५८ पेट्या एका जहाजावर चढवल्या आणि तेथून ही पद्धत जगभर रुजली. भारतात केवळ कंटेनरांसाठी उभारलेले पहिले टर्मिनल १९८३ मध्ये तेव्हाच्या मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई बंदरात कार्यान्वित झाले.

त्याच चेन्नईत आज आणखी एका प्रकारचे कंटेनर वापरात आहेत. त्यांत फळे नसतात. सॉफ्टवेअर आणि ते चालण्यासाठी लागणारे सारे साहित्य असते. कीड सर्वेक्षण, हवामानाधारित सल्ला, पिकाच्या छायाचित्रावरून निदान आणि सल्ल्याचा अनुवाद ही कामे झपाट्याने संगणकाकडे जात असल्यामुळे या कंटेनरांची ओळख विस्तार कार्यकर्त्यांनाही असणे आवश्यक झाले आहे.

चेन्नईतील खुला प्रकल्प

आयआयटी मद्रासमधील ‘एआयफोरभारत’ हा गट भारतीय भाषांसाठी अनुवाद, वाणी-ओळख आणि वाचन यांची साधने विकसित करतो. प्रा. मितेश खापरा हे त्याच्या संस्थापकांपैकी एक आहेत. जुलै २०२२ मध्ये रोहिणी व नंदन नीलेकणी यांच्या ३६ कोटी रुपयांच्या देणगीतून तेथे नीलेकणी केंद्र सुरू झाले. २०२३ मध्ये या गटाने ‘इंडिकट्रान्स२’ ही अनुवाद-प्रणाली प्रसिद्ध केली. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील सर्व २२ भाषांचा, अर्थातच मराठीचाही, तिच्यात समावेश आहे. तिच्या प्रशिक्षणासाठी सुमारे २३ कोटी वाक्यजोड्या वापरण्यात आल्या. अनुवादकांकडून वाक्ये तयार करून घेण्यासाठी गटाने ‘शून्य’ नावाचे व्यासपीठ उभारले असून त्याचाही आज्ञासंच खुला आहे.

खुला म्हणजे कोणालाही पाहता येणारा, वापरता येणारा आणि दुरुस्ती सुचवता येणारा. कृषी क्षेत्राच्या दृष्टीने या तिसऱ्या सोयीचे मोल सर्वांत अधिक आहे.

एक शब्द, दोन जीव

मराठीत ‘कोळी’ हा शब्द दोन अष्टपाद जीवांसाठी वापरला जातो. वांगी, मिरची, भेंडी यांच्या पानांखाली राहून रस शोषणारा लाल कोळी ही कीड आहे. शेतात जाळे विणणारा किंवा फिरून भक्ष्य पकडणारा कोळी मात्र तुडतुडे, पतंग, अळ्या खाणारा मित्र आहे. इंग्रजीत या दोघांना ‘माइट’ आणि ‘स्पायडर’ अशी वेगळी नावे आहेत. मराठीत संदर्भानेच फरक ओळखावा लागतो. पहिल्यावर कोळीनाशकाची शिफारस होते, तर दुसऱ्याचे संवर्धन करा असे सांगितले जाते. यंत्राकडून येथे गफलत झाली, तर व्याकरण निर्दोष राहूनही सल्ला उलटा होईल.

अशी चूक प्रणाली रचणाऱ्या अभियंत्याच्या लक्षात येणे कठीण आहे. ती ओळखेल तो कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञ, कृषी सहायक किंवा अनुभवी शेतकरी. समजा, एखाद्या केंद्राने ‘कोळी’, ‘पिठ्या ढेकूण’, ‘फुलकिडे’, ‘आर्थिक नुकसानीची पातळी’ अशा संज्ञा असलेल्या शंभर वाक्यांची चाचणी-यादी तयार केली आणि प्रणालीची प्रत्येक नवी आवृत्ती त्या यादीवर तपासायचे ठरवले. त्यासाठी प्रणाली प्रथम केंद्रातील संगणकावर चालली पाहिजे, आणि बहुतेकांचा उत्साह नेमका येथेच मावळतो. पायथॉनची आवृत्ती जुळत नाही. एक लायब्ररी नवी हवी असते, तर दुसरी जुनी. एक प्रकल्प चालू करताना आधीचा बंद पडतो. मदत मागितल्यावर उत्तर येते : ‘आमच्या संगणकावर तर चालते!’

कृती आणि खोली, दोन्ही एकत्र

हा अनुभव कीटकशास्त्राच्या प्रयोगशाळांना परका नाही. ट्रायकोग्रामाच्या उत्पादनासाठी लागणारा कॉर्सायरा हा पतंग वाढवताना एका ट्रेसाठी साधारणपणे भरडलेली बाजरी २.५ किलो, शेंगदाण्याचा कूट १०० ग्रॅम, यीस्ट ५ ग्रॅम, पाण्यात मिसळणारे गंधक ५ ग्रॅम आणि कॉर्सायराची ०.५ घनसेंटिमीटर अंडी असे प्रमाण घेतात. ही कृती लिहून ठेवलेली असल्यामुळेच कोइमतूरची पद्धत राहुरीत वापरता येते. तरीही एकीकडे ट्रे पतंगांनी भरतो आणि दुसरीकडे रिकामा राहतो, कारण कृती पोहोचते. खोलीतील तापमान, आर्द्रता आणि स्वच्छता पोहोचत नाही.

कंटेनरमध्ये कृतीबरोबर खोलीही पाठवली जाते. कोणती मूळ प्रणाली घ्यावी, कोणती लायब्ररी कोणत्या आवृत्तीची बसवावी आणि शेवटी कोणती आज्ञा द्यावी, हे एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये क्रमाने लिहिले जाते. डॉकर या साधनात तिला ‘डॉकरफाइल’ म्हणतात. तिच्यावरून तयार होणाऱ्या गोठवलेल्या संचाला ‘इमेज’ म्हणतात आणि ती इमेज चालू केली, की ‘कंटेनर’ मिळतो. एकाच इमेजपासून दहा संगणकांवर दहा कंटेनर चालवता येतात आणि सर्वांच्या आतील मांडणी सारखीच असते.

यामागील तंत्र लिनक्सच्या गाभ्यात आहे. ‘नेमस्पेस’ या सोयीमुळे प्रत्येक कंटेनरला आपल्यापुरत्याच फाइली व प्रक्रिया दिसतात. २००८ मध्ये गाभ्यात समाविष्ट झालेल्या ‘सीग्रुप’ या सोयीने त्याला किती स्मृती व किती प्रक्रियाशक्ती द्यायची हे ठरवता येते. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ही अवघड साधने सामान्य विकासकाच्या आवाक्यात आणली. २०१५ मध्ये स्थापन झालेल्या ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ने इमेजचे स्वरूप प्रमाणित केल्यामुळे एका साधनाने बनवलेली इमेज पॉडमनसारख्या दुसऱ्या साधनातही चालते. आभासी यंत्र स्वतःबरोबर संपूर्ण कार्यप्रणाली वागवते; कंटेनर यजमान संगणकाचा गाभा वापरतात. त्यामुळे ते काही क्षणांत सुरू होतात आणि साध्या संगणकावरही अनेक चालवता येतात.

खुल्या प्रकल्पांत याचा सर्वाधिक लाभ नवागताला होतो. ‘शून्य’सारख्या व्यासपीठात वेब-सेवा, डेटाबेस आणि पार्श्वभूमीवर चालणारी कामे असे अनेक भाग परस्परांवर अवलंबून असतात. त्याच्या आज्ञासंचासोबतच डॉकरच्या फाइली दिलेल्या असल्यामुळे हे भाग एकेक करून बसवावे लागत नाहीत. अनेक प्रकल्प आता संपादकासह संपूर्ण विकास-वातावरणाचेच वर्णन ‘डेव्हकंटेनर’ नावाच्या फाइलमध्ये ठेवतात. चेन्नईतील विकासक आणि बारामतीतील चाचणीकर्ता एकाच खोलीत बसल्याप्रमाणे काम करू शकतात. दोष आढळला तर वाद संगणकाचा राहत नाही, वाक्याचा होतो.

मर्यादा ओळखून वापर

कंटेनर म्हणजे कायमस्वरूपी हमी नव्हे. कृतीत लायब्ररीची नेमकी आवृत्ती न लिहिता ‘नवीनतम’ एवढेच लिहिले, तर आज बनवलेली इमेज आणि पुढच्या हंगामात बनवलेली इमेज वेगळी निघू शकते. दुसरीकडे, आवृत्ती गोठवून विसरून गेल्यास त्यातील सुरक्षा-दोषही गोठून राहतात. प्रयोगशाळेतील कीटक-वसाहतीत ठरावीक काळाने शेतातील ताजे कीटक मिसळावे लागतात. तसेच इमेजचेही नूतनीकरण करून चाचण्या पुन्हा घ्याव्या लागतात.

इंटेल प्रकारच्या प्रक्रियकासाठी बनवलेली इमेज एआरएम प्रक्रियकावर थेट चालेलच असे नाही. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर यजमान संगणकावरच लागतो. कंटेनर काढून टाकला, की त्याच्या आत साठवलेल्या नोंदी नष्ट होतात. म्हणून सर्वेक्षणाची माहिती नेहमी बाहेरच्या, जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवावी. अनोळखी स्रोताची इमेज म्हणजे लेबल नसलेली बाटली. ती वापरू नये.

सर्वांत मोठी मर्यादा वेगळीच आहे. कंटेनर सर्वत्र सारखे उत्तर देईल. ते उत्तर बरोबर असेलच असे नाही. ‘कोळी’ची चूक आत असेल, तर ती प्रत्येक केंद्रात तितक्याच निष्ठेने उमटेल. फरक एवढाच, की ती सर्वांना सारखी दिसेल, दाखवता येईल आणि एकदा दुरुस्त केल्यावर सर्वत्र दुरुस्त होईल.

केंद्र पातळीवर सुरुवात

- लिनक्सवरील डॉकर इंजिन आणि पॉडमन ही दोन्ही खुली साधने आहेत. ‘डॉकर डेस्कटॉप’ शासकीय कार्यालयांसाठी सशुल्क असल्याने परवाना आधी तपासावा.
- इमेजचा आकार काही शे मेगाबाइटपासून अनेक गिगाबाइटपर्यंत असतो. जिल्ह्याच्या ठिकाणी ती एकदा उतरवून, फाइल म्हणून साठवून पेनड्राइव्हने तालुक्यात नेता येते.
- केंद्रात विद्यार्थी किंवा कंत्राटी साहाय्यकाने प्रणाली तयार केली असल्यास, तो कार्यमुक्त होण्यापूर्वी आज्ञासंचाबरोबर कंटेनरची कृतीही लेखी स्वरूपात घ्यावी आणि दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावी.
- दोष कळवताना इमेजची आवृत्ती, दिलेले वाक्य, मिळालेले उत्तर आणि अपेक्षित उत्तर ही चारही माहिती द्यावी.

महाराष्ट्रात २००८ च्या खरिपात सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाल्यानंतर २००९-१० पासून ‘क्रॉपसॅप’ प्रकल्प सुरू झाला. सर्वत्र एकाच पद्धतीने निरीक्षणे घेतली जावीत, हा त्याचा पाया होता. लातूरचा आकडा अमरावतीच्या आकड्याशी ताडून पाहता येतो, तो या शिस्तीमुळे. कंटेनर हीच शिस्त सॉफ्टवेअरमध्ये आणतो. ती अंगीकारली, तर पानाखाली भिंग धरणाऱ्या कार्यकर्त्याचे निरीक्षण चेन्नईतील विकासकापर्यंत जसेच्या तसे पोहोचेल, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर येणाऱ्या सल्ल्यात कीड कोणती व मित्र कोण, हे अचूक लिहिलेले असेल.