बंद कारखान्याची जागा घेताय? आधी माती तपासा

'सर, बंद कारखान्याची शेड स्वस्तात मिळतेय, घेऊ का?' कुडाळ-मालवणकडून हा प्रश्न बऱ्याचदा येतो.

सातबाऱ्यावर मालक दिसतो. जमिनीत मुरलेलं तेल, ॲसिड, शिसं दिसत नाही.

जुलै 2025 मध्ये केंद्र सरकारने प्रदूषित जागांसाठी वेगळे नियम आणले. जिल्हा प्रशासन दर सहा महिन्यांनी संशयित जागांचा अहवाल देणार. प्रदूषण नियंत्रण मंडळ 90 दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर तपासणी करणार. सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याचा. पण तोवर तुमचं भांडवल अडकतं, बँकेचा हप्ता थांबत नाही. भोपाळची दुर्घटना 1984 ची. तिथला 337 टन कचरा हलवायला 2025 उजाडलं!

म्हणून विसार देण्याआधी:

1. आधीच्या कारखान्याचं मंडळाकडचं संमतीपत्र बघा. तिथे काय बनत होतं ते कळेल.
2. माती आणि विहिरीचं पाणी मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासा. मसाला, कोकम सरबताचा धंदा असेल तर नक्कीच.
3. करारात लिहून घ्या: जुनं प्रदूषण निघालं तर पैसे परत.

तपासणीला काही हजार जातील, पण आयुष्याची पुंजी वाचेल. भेटू पुढच्या व्हिडिओत!