ब्रेकला तेल

दसऱ्याला मोटारसायकलीची पूजा करायची, तर निदान तिची कुरकुर थांबवावी, या सद्हेतूने मी पाना हाती घेतला. मागचा ब्रेक दाबला की तो चीं-चीं करी. बिजागरीला तेल घातले की ती गप्प बसते, एवढे यंत्रशास्त्र मला अवगत होते. चाक काढले, ड्रम उघडला आणि ब्रेकच्या दोन्ही लायनरवर सढळ हाताने तेल सोडले. आवाज थांबला!

दुसऱ्या दिवशी सौ.ला मागे बसवून हिंगोलीहून औंढा नागनाथला निघालो. वाटेत म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला, आवाज आला नाही आणि गाडीही थांबली नाही. पुढचा ब्रेक आणि म्हशीचा सुज्ञपणा, यांनी आम्हांला वाचवले.

औंढ्याच्या मिस्त्रीने ड्रम उघडला आणि आधी माझा व्यवसाय विचारला. मग म्हणाला, "सर, ब्रेक घासला तरच धरतो. फळ्याला तेल लावलं तर खडू उमटंल का? नुसती धूळ पुसायची होती."

तेल प्यालेले लायनर बदलावेच लागले. घरी येईपर्यंत सौ. गप्प होती. दार उघडताना मात्र म्हणाली, "अहो, ही बिजागरी कुरकुरतेय. तेवढी बघा."