तेरा जागा आणि एकही खेळाडू नाही : केंटकीचा २०२४चा उन्हाळा



समजा, तुमच्या कॉलेजचा संघ मार्चमध्ये एक सामना हरला. एप्रिलमध्ये प्रशिक्षक दुसऱ्या कॉलेजात गेले. मेअखेरीस पाहता, तर शिष्यवृत्तीवर खेळणाऱ्यांपैकी एकही खेळाडू उरलेला नाही. मैदान तेच आहे, जर्सीचा रंगही तोच आहे, नोव्हेंबरात नवा हंगाम सुरू व्हायचा आहे आणि संघच नाही. अमेरिकेतल्या केंटकी विद्यापीठात २०२४ साली नेमकं हेच घडलं. कॉलेजचा संघ आज कसा मोडतो आणि कसा उभा राहतो, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. म्हणून आज तीच गोष्ट.

आधी या संघाचं वजन समजून घेऊ. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धा होतात. त्या पाहायला खेळाडूंचे मित्र, दोन-चार प्राध्यापक आणि फार तर घरची माणसं येतात. केंटकी राज्याचं तसं नाही. तिथे एनबीएचा एकही संघ नाही, त्यामुळे राज्याचा सगळा जीव विद्यापीठाच्या संघात असतो. लेक्सिंग्टन शहरातल्या रप अरिनात वीस हजारांवर प्रेक्षक बसतात. १९४८ ते २०१२ या काळात या विद्यापीठाने ८ वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. तिथला प्रशिक्षक म्हणजे राज्यातला मोठा माणूस, आणि तो हरला की राज्यातला प्रत्येक जण बास्केटबॉलचा तज्ज्ञ होतो. क्रिकेटच्या बाबतीत आपलं काय होतं, ते आठवा म्हणजे कळेल.

पंधरा वर्षांचा डाव कसा संपला

२००९पासून जॉन कॅलिपारी केंटकीचे प्रशिक्षक होते. त्यांची पद्धत सोपी होती. एनबीएच्या नियमानुसार शाळा संपल्यावर एक वर्ष जाईपर्यंत आणि वयाची १९ वर्षं होईपर्यंत अमेरिकन मुलांना निवडीत उतरता येत नाही. मग ते मधलं वर्ष घालवायचं कुठे? कॅलिपारी म्हणाले, आमच्याकडे या. देशातली सर्वांत गुणी १८-१९ वर्षांची मुलं ते गोळा करायचे, एक वर्ष खेळवायचे, मुलं एनबीएत जायची आणि पुढची तुकडी यायची. जॉन वॉल, अँथनी डेव्हिस, कार्ल-अँथनी टाउन्स हे सगळे असेच आले आणि गेले. २०१२ साली याच पद्धतीने त्यांनी विजेतेपद मिळवलं. २०१५ साली तर संघाने सलग ३८ सामने जिंकले आणि पुढचा, म्हणजे उपांत्य सामना हरला.

मग खेळ बदलला. करोनामुळे २०२०-२१चा हंगाम खेळाडूंच्या पात्रतेत धरला गेला नाही, त्यामुळे २२-२३ वर्षांचे तयार गडी कॉलेजात जास्त काळ खेळत राहिले. कोवळ्या मुलांपुढे ही दणकट माणसं उभी राहू लागली. २०२२ साली केंटकी सेंट पीटर्स या छोट्या कॉलेजकडून पहिल्याच फेरीत हरलं. २१ मार्च २०२४ रोजी मिशिगनमधल्या ओकलंड विद्यापीठाने त्यांना ८०-७६ असं हरवलं. ओकलंडच्या जॅक गोल्कीने लांबून १० बास्केट टाकले आणि ३२ गुण केले. त्या वेळी केंटकीला तिसरं मानांकन होतं आणि ओकलंडला चौदावं.

चाहते खवळले. पण कॅलिपारींना काढणं सोपं नव्हतं, कारण करारानुसार त्यांना ३ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास रक्कम द्यावी लागली असती. शेवटी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कॅलिपारी स्वतःच आर्कन्सॉ विद्यापीठात गेले. विद्यापीठाचे पैसे वाचले, पण संघ गेला.

संघ रिकामा का होतो

आता मुख्य प्रश्न. प्रशिक्षक गेला तर खेळाडू का जातात? आणि त्यांना जाऊ कसं देतात?

पूर्वी असं नव्हतं. एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलं, की खेळाडूला साधारण एक वर्ष बाकावर बसावं लागे. त्या भीतीने बहुतेक मुलं जागची हलत नसत. प्रशिक्षकांना मात्र हा नियम नव्हता. ते आज इथे, उद्या तिथे. हा अन्याय बरीच वर्षं चालला.

मग तीन गोष्टी पाठोपाठ घडल्या. २०१८ साली एनसीएए या नियामक संस्थेने 'ट्रान्सफर पोर्टल' सुरू केलं. पोर्टल म्हणजे एक यादी. खेळाडूने तिच्यात नाव घातलं, की दुसरी विद्यापीठं त्याच्याशी उघडपणे बोलू शकतात. २०२१ साली एकदा बदली केल्यास वर्षभर बसण्याची अट गेली, आणि न्यायालयीन लढ्यानंतर २०२४मध्ये अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदली करायची मोकळीक मिळाली. तिसरी गोष्ट पैशाची. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिराती व करार करायची परवानगी मिळाली. यालाच एनआयएल म्हणतात.

या तिन्ही गोष्टी एकत्र करून पाहा. जायला अडसर नाही, कुठे जायचं ते उघड विचारता येतं आणि गेल्यावर पैसेही मिळतात. त्यात ज्या माणसाच्या भरवशावर तुम्ही आलात तोच निघून गेला. मग राहायचं कशासाठी?

केंटकीचे रीड शेपर्ड आणि रॉब डिलिंगहॅम एनबीएत गेले. शेपर्ड तिसरा निवडला गेला, डिलिंगहॅम आठवा. अँटोनियो रीव्हजही एनबीएच्या वाटेने गेला. डी. जे. वॅग्नर, अडू थिएरो आणि झ्वोनिमीर इविसिच हे कॅलिपारींच्या मागोमाग आर्कन्सॉला गेले. केंटकीला यायचं कबूल केलेली काही शाळकरी मुलंही तिकडेच वळली. बाकीचे इतरत्र पांगले.

आयपीएलशी तुलना करण्याचा मोह होतो, पण ती अर्धीच लागू पडते. २०२५च्या मोठ्या लिलावाआधी प्रत्येक संघाला राखून ठेवणे आणि आरटीएम मिळून ६ खेळाडू टिकवता येत होते. म्हणजे निदान ओळखीचे चार चेहरे उरतात. इथे तशी सोय नाही. कागदोपत्री खेळाडू हा विद्यार्थी आहे, आणि विद्यार्थ्याला कॉलेज बदलण्यापासून कोण अडवणार?

बारा नवे चेहरे

रिकाम्या घरात आले मार्क पोप. १९९६ साली विजेतेपद मिळवणाऱ्या केंटकी संघाचे ते कर्णधार. नंतर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण सुरू केलं आणि ते अर्धवट सोडून प्रशिक्षण क्षेत्रात आले. चाहत्यांना मात्र मोठं नाव हवं होतं. प्रशिक्षक म्हणून पोप यांनी राष्ट्रीय स्पर्धेत तोवर एकही सामना जिंकला नव्हता. नाराजी दोन दिवस टिकली. १४ एप्रिलला त्यांच्या स्वागतासाठी रप अरिना गच्च भरलं. माहेरचा माणूस परत आला म्हटल्यावर लोक विरघळले.

त्या काळी एका संघाला १३ शिष्यवृत्त्या देता येत. पोप यांनी त्यातल्या १२ जागा भरल्या. त्यात दुसऱ्या विद्यापीठांतून आलेले ९ आणि नवखे ३ होते. निवड कशी केली, ते पाहण्यासारखं आहे. सर्वांत प्रसिद्ध मुलं घेण्याऐवजी त्यांनी कामं ठरवली आणि त्या कामांना माणसं शोधली.

बचावासाठी सॅन डिएगो स्टेटचा लमाँट बटलर. २०२३च्या उपांत्य सामन्यात शेवटच्या क्षणी बास्केट टाकून संघाला अंतिम फेरीत नेणारा हाच. लांबून नेम मारायला डेटनचा कोबी ब्रे. आदल्या हंगामात त्याचे तीन गुणांचे जवळजवळ निम्मे फटके आत गेले होते. मध्यभागी ड्रेक्सेलचा अमारी विल्यम्स. हा इंग्लंडचा, उंचापुरा, पण चेंडू पास करण्यात हुशार. ओक्लाहोमाहून ओटेगा ओवे, आणि पोप यांच्या जुन्या विद्यापीठातून, ब्रिगम यंगमधून जॅक्सन रॉबिन्सन. या सगळ्यांनी कॉलेजात काही वर्षं काढलेली होती. शिवाय केंटकीच्याच मातीतली दोन मुलं घेतली, ट्रेंट नोआ आणि ट्रॅव्हिस पेरी. राज्याच्या शालेय बास्केटबॉलमध्ये सर्वाधिक गुणांचा विक्रम पेरीच्या नावावर आहे.

जमलं का? बऱ्याच अंशी. नोव्हेंबरात या संघाने ड्यूकला ७७-७२ असं हरवलं. १ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅलिपारी आर्कन्सॉचा संघ घेऊन रप अरिनात आले, प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली आणि सामना ८९-७९ असा तेच जिंकून गेले. ओवेने आपल्या जुन्या ओक्लाहोमाला दोनदा एकेका गुणाने हरवलं, आणि दोन्ही वेळा विजयी बास्केट त्याचाच होता. क्रीसा आणि रॉबिन्सन दुखापतींमुळे बाहेर गेले, बटलरचा खांदा दुखत राहिला. तरीही २४ विजय आणि १२ पराभव घेऊन संघ राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या सोळांत पोचला. तिथे टेनेसीने त्यांना ७८-६५ असं हरवलं. कॅलिपारींचं आर्कन्सॉही त्याच फेरीपर्यंत गेलं.

हिशेब कुणाचा

आता ज्यासाठी हा विषय घेतला, ते सांगतो. हंगाम संपल्यावर पेरी केंटकी सोडून मिसिसिपी विद्यापीठात गेला. घरचा मुलगा, विक्रमवीर, आणि एका वर्षात बाहेर. तिथे खेळायला मैदानावर जास्त वेळ मिळेल असं एखाद्या मुलाला वाटलं, तर त्याचं चूक आहे असं म्हणता येत नाही. पण ज्या गावाने त्याला लहानपणापासून पाहिलं, त्याला हळहळ वाटली तर तेही चूक नाही.

यात अभ्यासाचंही आहे. कॉलेज बदललं की सगळे विषय नव्या पदवीत धरले जातातच असं नाही. तीन वर्षांत तीन विद्यापीठं केलेल्या मुलाच्या हाती पदवी उरेल का, हा प्रश्न खरा आहे, कारण यातले मोजकेच एनबीएत पोचतात. परदेशी मुलांचा पेच आणखी वेगळा. ज्यांच्या घरचं कुणी अमेरिकेत शिकतं, त्यांना एफ-१ व्हिसा माहीत असेल. त्यावर मोकळेपणी कमाई करता येत नाही. त्यामुळे शेजारचा खेळाडू जाहिरात करून पैसे मिळवतो, तेव्हा परदेशी मुलाला वकिलाला विचारावं लागतं. १ जुलै २०२५पासून तर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली आहेत. पहिल्या वर्षी सर्व खेळ मिळून एका विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत मुभा होती.

मग जुनं बरं होतं का? मार्क पोप यांचीच गोष्ट पाहा. १९९६चा हा कर्णधार मूळचा केंटकीचा नव्हताच. आधी दोन वर्षं ते वॉशिंग्टन विद्यापीठाकडून खेळले. बदली करून केंटकीला आले तेव्हा नियमानुसार त्यांना आख्खा १९९३-९४चा हंगाम बाकावर बसून काढावा लागला. ज्याला आज सगळे घरचा माणूस म्हणतात, तोही एके काळी बाहेरून आलेलाच होता. फरक इतकाच, की त्याला नंतर रुजायला वेळ मिळाला.

आजच्या मुलांना जायची मोकळीक आहे, आणि ती त्यांच्या हक्काची आहे. प्रशिक्षकांना ती पहिल्यापासून होतीच. पण रुजायला लागणारा वेळ नियमाने देता येत नाही. २०२५च्या उन्हाळ्यात ओवे दुसऱ्या वर्षासाठी केंटकीत थांबला, नोआही थांबला. नोव्हेंबरात संघ मैदानात उतरला तेव्हा प्रेक्षकांना या वेळी निदान काही चेहरे ओळखीचे होते. पुढच्या वेळी एखाद्या कॉलेजच्या संघात कोण आलं, कोण गेलं याची यादी वाचाल, तेव्हा कोण थांबलं तेही जरूर पाहा.

भेटू पुढच्या भागात.