दप्तर मिटते, हिशेब उरतो

बारामती-इंदापूर पट्ट्याचे नाव निघाले की साखर कारखान्यांची धुराडी आणि औद्योगिक वसाहतींतील मोठ्या कंपन्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु त्यांच्या सावलीत वाढलेल्या लहान कार्यशाळा, वाहतूकदार आणि दुकाने यांची पगारपत्रके तयार होतात ती बहुधा तालुक्याच्या गावातील एखाद्या हिशेबनिसाच्या दोन खोल्यांच्या कचेरीत. वय झाले, मुले पुण्यात स्थिरावली, की असा हिशेबनीस एक दिवस व्याप आवरू लागतो. अशिले दुसऱ्याकडे जातात आणि त्याबरोबर पगाराची संगणकप्रणालीही बदलते.

वरवर पाहता ही दोन व्यावसायिकांमधील देवघेव आहे. नावे आणि चालू पगार नव्या प्रणालीत भरावेत, मागचे मागे ठेवून १ एप्रिलपासून कोऱ्या पाटीवर आरंभ करावा, असा मोह त्यामुळेच होतो. पाटी हिशेबनिसाची कोरी होते. कामगाराची मात्र होत नाही. नव्या प्रणालीत नोंद झाली तीच रुजू होण्याची तारीख म्हणून पडली, तर पंधरा वर्षांचा कामगार कागदोपत्री नवखा ठरतो. ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वसाधारणपणे पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर मिळतो आणि तिची रक्कम सेवेच्या वर्षांवर ठरते, हे ध्यानी घेतले म्हणजे या एका तारखेचे मोल कळते.

भविष्यनिर्वाह निधीच्या कार्यालयात सर्व नोंदी असतातच, असा यावर आक्षेप येईल. तो अर्धाच खरा आहे. तेथे वर्गणी दिसते. शिल्लक रजा, फेडायची राहिलेली उचल, मूळ पगार व भत्ते यांची फोड दिसत नाही. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाढीव निवृत्तिवेतनासंबंधी निकाल दिल्यावर अर्जदारांच्या वेतनाचे जुने तपशील मालकांकडून मागविण्यात आले आणि ते देण्याची मुदत पुनःपुन्हा वाढवून अखेर ३१ जानेवारी २०२५ पर्यंत न्यावी लागली. जुने पगारपत्रक ही अडगळ नव्हे, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता हवा?

उपाय अवघड नाहीत. निदान एक महिना दोन्ही प्रणालींवर पगार काढून पै न् पै जुळवावी. बदल वर्षाच्या मध्यावर होत असेल, तर तोवर दिलेला पगार व कापलेला आयकर पुढे ओढावा. प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख आणि निधीचा कायम क्रमांक कामगाराला दाखवून पडताळावा. जुनी पत्रके केवळ जुन्या प्रणालीच्याच पोटात न ठेवता कोणत्याही संगणकावर वाचता येतील अशी, शिवाय छापूनही, यादीनिशी मालकाच्या स्वाधीन करावीत व पोच घ्यावी. नोंदी राखण्याची जबाबदारी अखेर मालकाचीच असते. तेव्हा या कामाचा मोबदला देताना त्याने हात आखडता घेऊ नये. कामगारानेही आपल्या पगाराच्या पावत्या जपाव्यात.

निवृत्त होणाऱ्या हिशेबनिसाला विश्रांतीचा पूर्ण अधिकार आहे. मात्र कचेरीला कुलूप लावण्यापूर्वी दुसऱ्याच्या आयुष्याची वर्षे त्या कपाटात कोंडली जात नाहीत ना, एवढे त्याने पाहावे. आयुष्यभर इतरांचे ताळेबंद जुळविणाऱ्याचा शेवटचा ताळेबंद तोच होय.